टक्क्याचा परवाना, झाडाचा गुन्हा

नागपूरहून जबलपूरला जाणारा रस्ता शहरात शिरण्याआधी तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडतो. तिथे घाट आहे, घाटावर गांधीजींच्या अस्थिविसर्जनाचे स्मारक आहे, आणि याच परिसरात मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. सुभाषबाबूंचे अध्यक्षपद आणि पंतांचा ठराव यांमुळे ते अधिवेशन इतिहासात राहिले. त्या वेळी जबलपूरचा कारभार नागपूरहून चालत होता आणि नागपूरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने आदल्याच वर्षी दारूबंदीचा कायदा केला होता, हे मात्र सहसा कोणाला आठवत नाही. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्या बैराग्याच्या चिलमीकडे तेव्हाच्या सरकारने काणाडोळा केला आणि नंतरच्या सरकारांनीही तोच शिरस्ता पाळला. मध्य प्रदेशात भांगेची दुकाने सरकारी परवान्याने चालतात. तो परवाना ज्या कायद्याखाली मिळतो तो १९१५ चा अबकारी कायदाही मूळचा नागपूरचाच. तेच झाड शेतकऱ्याने आपल्या वावरात लावले तर त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

एकाच वनस्पतीशी राज्यसंस्थेचे हे तीन प्रकारचे संबंध. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांत चौथा जोडण्याची घोषणा झाली. औषधी आणि औद्योगिक उपयोगासाठी भांगेच्या लागवडीला परवानगी देण्याचा निर्णय कमलनाथ सरकारने घेतल्याचे विधिमंत्री पी. सी. शर्मा यांनी सांगितले. कापड, औषधे, शेतकऱ्याला नवे पीक अशी त्यामागची मांडणी होती. विरोधकांनी राज्य नशेच्या खाईत जाणार अशी हाकाटी केली, सरकार पक्षाने आर्थिक लाभाचे आकडे पुढे केले, आणि मार्च २०२० मध्ये सरकारच गेले. घोषणा शेतापर्यंत पोचली नाही. त्या वादात ज्या प्रश्नावर खल व्हायला हवा होता तो कोणी विचारलाच नाही. पीक निर्धोक आहे की मादक, हे कोण तपासणार, केव्हा तपासणार, कशाने तपासणार, आणि तपासणीचा निकाल विरुद्ध गेला तर शेतकऱ्याचे काय होणार?

प्रश्न तांत्रिक वाटतो, पण साऱ्या विषयाचे राजकारण त्यातच दडलेले आहे. परवान्याची सही मंत्र्याची असते. तुरुंगाची वाट शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

आधी शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘हेम्प’ या इंग्रजी शब्दाखाली आपल्याकडे निदान तीन झाडे मोडतात. एकोणिसाव्या शतकात ‘जबलपूर हेम्प’ या नावाने ओळखला जाणारा धागा भांगेचा नव्हताच. तो सनईचा होता. आपला शेतकरी ज्याला ताग म्हणतो आणि हिरवळीचे खत म्हणून फुलोऱ्याआधी जमिनीत गाडतो, तीच ही सनई. रॉइल यांनी १८५५ मध्ये हिंदुस्थानातील धागेदार वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा क्रिमियाच्या युद्धामुळे रशियन हेम्पचा पुरवठा अडलेला होता आणि इंग्रज आरमाराच्या दोरखंडांसाठी पर्यायाचा शोध सुरू होता. त्या शोधात जबलपूरचे नाव पुढे आले. पुढे निर्यातीच्या सनईला ॲगमार्कची प्रतवारी सक्तीची झाली. तिसरे झाड अंबाडी, जिला इंग्रजीत दख्खनी हेम्प म्हणत. सनई आणि अंबाडी यांना अमली पदार्थांच्या कायद्याची झळ लागत नाही. खऱ्या हेम्पचे, म्हणजे भांगेच्या धाग्याच्या वाणाचे, तसे नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते आणि गांजाचे झाड एकाच जातीचे आहेत. फरक असतो तो टीएचसी या मादक द्रव्याच्या प्रमाणाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

या भागात सरकारी देखरेखीखाली भांगवर्गीय लागवड कधी झालीच नाही, असेही नाही. मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातील खंडव्यापुरती मर्यादित होती. परवान्याशिवाय पेरणी नाही, माल सरकारी कोठारात आणि तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, असा तो क्रम होता. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे हे पीक निघे. लंडनच्या संसदेत या व्यवहाराविरुद्ध ओरड झाली म्हणून १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मध्य प्रांतात अधिकारी राहिलेले अँड्र्यू फ्रेझर त्याचे एक सदस्य होते. हजारांवर साक्षी झाल्या, सात खंड निघाले आणि निष्कर्ष निघाला तो असा की, संपूर्ण बंदी अनावश्यक आणि अव्यवहार्य आहे. लागवड, साठवण आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवावे. वसाहतवादी सरकारला महसूल हवा होता, हे उघड आहे. तरीही आयोगाच्या कामाची एक गोष्ट आजही शिकण्याजोगी आहे. धोरण ठरवण्याआधी त्याने शेत, कोठार आणि दुकान या तिन्ही जागा पाहिल्या. आपण १९८५ मध्ये तेवढेही केले नाही.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजाचा औषधबाह्य वापर पंचवीस वर्षांच्या मुदतीत बंद करायचा होता. मुदत संपत आल्यावर राजीव गांधी सरकारने २३ ऑगस्ट १९८५ रोजी लोकसभेत विधेयक मांडले. १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. ज्या विषयावर एकोणिसाव्या शतकात सात खंड लिहिले गेले, त्याचा निकाल विसाव्या शतकाच्या संसदेने महिन्याच्या आत लावला. वास्तविक त्याच करारात धागा आणि बियाण्यासाठी होणाऱ्या लागवडीला सूट होती. आपल्या कायद्यातही ती कलम १४ मध्ये आली: केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूने, अथवा उद्यानविद्येसाठी, सरकार आदेशाने लागवडीस मुभा देऊ शकते. कलम १० ने भांगेच्या झाडाविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. दार होते, पण ते उघडायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. २०१८ मध्ये उत्तराखंडने पहिला परवाना दिला. हिमाचल विधानसभेने महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या समितीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पालमपूर व नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला.

आता कायद्याची व्याख्या वाचू. भांगेचे झाड म्हणजे त्या प्रजातीचे कोणतेही झाड. गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलांचे वा फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. भांगेला जी कायदेशीर पळवाट मिळाली ती या वगळण्यामुळे. या साऱ्या व्याख्येत टीएचसीचा टक्का कुठेही नाही. कायद्याला झाडाचे अवयव कळतात. त्यातील रसायनाचे प्रमाण त्याच्या विचारातच नाही. राज्यांचे हेम्प धोरण मात्र सर्वस्वी टक्क्यावर उभे आहे. उत्तराखंडने ०.३ टक्क्याची मर्यादा घातली आणि लगेच अडचण आली, कारण डोंगरात पिढ्यान्पिढ्या उगवणारे देशी वाण या मर्यादेत बसत नाहीत.

हा ०.३ चा आकडा आला तरी कुठून? अर्नेस्ट स्मॉल या कॅनेडियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये क्रॉनक्विस्ट यांच्यासह भांगेच्या वर्गीकरणासाठी तो सुचवला. दोन गटांमध्ये कुठेतरी रेघ ओढायची म्हणून ती ०.३ वर ओढली. त्याखाली नशा येत नाही आणि वर येते, असा तिचा अर्थ नव्हता. संग्रहालयातील नमुन्यांची विभागणी करण्यासाठी काढलेली ही रेघ पुढे अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यात शिरली आणि युरोपीय संघाने २०२३ पासून आपली ०.२ ची मर्यादा तिथवर वाढवली. देशोदेशीच्या सरकारांना तयार आकडा हवा होता, तो मिळाला.

आकडा उसना घेतला तरी मोजण्याची रीत उसनी मिळत नाही. झाडात टीएचसी बहुतांशी आम्ल रूपात असते. उष्णता लागली की त्याचे मादक रूपात परिवर्तन होते. वायू-वर्णलेखन यंत्रात नमुना तापवला जातो, त्यामुळे हे परिवर्तन यंत्रातच घडते. द्रव-वर्णलेखन यंत्रात ते घडत नाही. तिथे आम्लाचे प्रमाण वेगळे मोजून, त्याला ०.८७७ ने गुणून बेरजेत मिळवावे लागते. ही बेरीज करायची की नाही, हे नियमात लिहिलेले नसेल तर एकाच शेतातील एकच फांदी एका प्रयोगशाळेत उत्तीर्ण आणि दुसरीत नापास होईल. अमेरिकेने हा धडा महाग किमतीला घेतला. तिच्या कायद्यात केवळ डेल्टा-९ या प्रकाराचा उल्लेख होता, म्हणून हेम्पपासून बनवलेले डेल्टा-८ सारखे मादक पदार्थ राजरोस दुकानांत आले; ती फट बुजवण्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या काँग्रेसला व्याख्याच बदलावी लागली.

नमुना कुठून घ्यायचा, हा पुढचा वाद. शेंड्याकडे टीएचसी अधिक, खोडात नगण्य. फुलोरा पिकत जातो तसे प्रमाण वाढते. युरोपात झाडाचा वरचा तीस सेंटिमीटरचा भाग घेतात; अमेरिकेत कापणीच्या आधीच्या तीस दिवसांत नमुना घ्यावा लागतो. आपल्याकडे निरीक्षकाची गाडी ठरलेल्या दिवशी आली नाही, तर पीक उभे राहील आणि त्यासोबत टक्काही चढेल. सरकारी खात्यांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ही शंका काल्पनिक वाटणार नाही. त्यात जबलपूरचे भूगोलाशी असलेले नाते वेगळेच. कर्कवृत्त या जिल्ह्याच्या जवळून जाते. युरोपातील कमी टीएचसीचे वाण लांब दिवसांना सरावलेले असतात; इथल्या आखूड दिवसांत ते लवकर फुलतात, खुजे राहतात आणि धागा कमी देतात. म्हणजे परदेशी प्रमाणित बियाणे आणून प्रश्न सुटत नाही. इथल्या हवेचे, इथल्या उन्हाचे वाण तयार करावे लागेल. त्याला काही हंगाम लागतात. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ पासून याच शहरात उभे आहे. घोषणेच्या आधी निदान त्याला विचारायला हरकत नव्हती.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो, ते पाहू. परवानाधारक शेतकऱ्याचे पीक समजा ०.६ टक्के निघाले. त्याने बियाणे सरकारमान्य पेरले, खत-पाणी वेळेवर दिले, आणि उन्हाचा एक कडक पंधरवडा आला. परवाना ०.३ पर्यंतचाच होता, तेव्हा ही लागवड परवान्याबाहेरची ठरते, असा अर्थ लावायला फार कौशल्य लागत नाही. मग कलम २० आले; लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. जप्त गांजा वीस किलोपेक्षा अधिक झाला की तो व्यापारी प्रमाणात धरला जातो आणि कलम ३७ च्या कडक अटींमुळे जामीन दुरापास्त होतो. हिरवी झाडे मुळापासून उपटून पानाखोडासह तोलली तर वीस किलो व्हायला किती झाडे लागतात? असे तंटे देशातील उच्च न्यायालयांपुढे सातत्याने येत आले आहेत. आरोपीचा हेतू दोषपूर्ण होता असे कायदा कलम ३५ नुसार आधीच गृहीत धरतो. तो तसा नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे. बेकायदा लागवडीची खबर दिली पाहिजे, हे बंधन कलम ४६ आणि ४७ नुसार जमीनमालकापासून सरपंचापर्यंत सर्वांवर आहे. मादक द्रव्यात मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचे वजनही शिक्षेसाठी धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने एप्रिल २०२० मध्ये हिरासिंग प्रकरणात सांगितले. शुद्धतेच्या टक्क्याला शिक्षेच्या हिशेबात स्थान नाही, आणि परवान्याच्या हिशेबात टक्क्याखेरीज कशालाच स्थान नाही. या दोन हिशेबांच्या मध्ये आपण एका दोन-चार एकरवाल्याला उभा करतो आहोत.

अमेरिकेने निदान एवढे केले आहे की, शेतकऱ्याने वाजवी काळजी घेतली असेल आणि पीक एक टक्क्याच्या आत असेल, तर त्याला हलगर्जीपणाचाही दोष लागत नाही. पीक नष्ट करावे लागते किंवा त्यातला मादक भाग काढून टाकावा लागतो. माणूस मात्र गुन्हेगार होत नाही. इतकी साधी तरतूद आपल्या कोणत्याही राज्याला स्वतःच्या नियमांत पक्की करता येणार नाही, कारण शिक्षेची कलमे केंद्राच्या कायद्यात आहेत. राज्य परवाना देऊ शकते, अभय देऊ शकत नाही.

मादक पिकाच्या सरकारी परीक्षेचा अनुभव मध्य प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला भरपूर आहे. मंदसौर-नीमचकडील अफूची शेती केंद्राच्या परवान्याने चालते. ते देणाऱ्या नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. शेतकरी तौल केंद्रावर अफू घेऊन जातो, तिथे तात्पुरती प्रत ठरते, आणि अंतिम निकाल नीमच वा गाझीपूरच्या सरकारी कारखान्यातील प्रयोगशाळा देते. पूर्वी नुसत्या वजनावर पुढच्या वर्षाचा पट्टा अवलंबून असे; अलीकडे त्यातील मॉर्फिन मोजले जाते. हेक्टरी ४.२ किलो मॉर्फिन भरले नाही तर चिक काढण्याचा पट्टा हातचा जातो. आपल्या मालाची परीक्षा आपल्या नजरेआड होते, ही तिथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे, आणि अफू धोरणाचा विषय निघाला की त्या भागाचे लोकप्रतिनिधी ती दिल्लीपर्यंत आणतात. एक गोष्ट मात्र अफूच्या बाजूने आहे. अफूला एकच ग्राहक आहे, सरकार. मोजणारा तोच, घेणारा तोच. हेम्पमध्ये मोजणारे सरकार आणि घेणारी खासगी कंपनी असेल. प्रयोगशाळेच्या विलंबाचा खर्च या दोघांपैकी कोणीच सोसणार नाही.

पोलिसांचा आक्षेप इथे प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. शेतात उभ्या हवालदाराला हेम्प आणि गांजा वेगळे ओळखता येणार नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यात, तुरी-कपाशीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी वारंवार उपटला आहे. तिथे परवान्याच्या हेम्पचा आडोसा मिळाला तर काय होईल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. धाग्याचे पीक दाट पेरतात आणि त्याच्या नर झाडांचे पराग उडाले की शेजारच्या गांजात बी धरून त्याची प्रत उतरते, हे खरे. पण तस्कर वनस्पतिशास्त्र वाचून पीक घेतो, यावर विसंबून कायदा-सुव्यवस्था राखता येत नाही. तेव्हा परवान्याच्या गटाची नकाशावर नोंद, त्याची ठाण्याला माहिती आणि ठरलेल्या दिवसांत निकाल देणारी प्रयोगशाळा लागेल. राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. पण गुन्ह्याचा मुद्देमाल तपासणे आणि उभ्या पिकाचा टक्का कापणीआधी कळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि तिचा खर्च लागवडीच्या कोणत्याही घोषणेत दिसत नाही.

गंमत अशी की, टक्क्याचे वावडे दिल्लीला आहे असेही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता देताना बियांत किलोमागे ५ आणि तेलात १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. बाटलीतल्या तेलाचे माप आरोग्य मंत्रालयाकडे आहे. शेतातल्या झाडाचे माप अर्थ मंत्रालयाच्या कायद्यात नाही. दिल्लीच्या दुकानात ग्राहकाला मिळणारी निश्चिती बी पिकवणाऱ्याला मिळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्नाला भांगेला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. परदेशात उदार मत आणि घरात १९८५ ची व्याख्या, ही विसंगती तेव्हा संसदेत फारशी कोणाला टोचली नाही. पतियाळाचे खासदार धरमवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयक आणले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचेही झाले.

या कायद्याकडे संसद किती लक्षपूर्वक पाहते, याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्येतील एका उपकलमाचा क्रमांक बदलला. त्याचा हवाला देणारे कलम २७-अ तसेच राहिले. त्यामुळे तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांची शिक्षा सात वर्षे एका चुकीच्या अक्षरावर लटकत होती. त्रिपुरा उच्च न्यायालयाने बोट ठेवल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरात विधेयक आले. सरकारच्या सोयीची चूक अध्यादेशाने दुरुस्त होते. शेतकऱ्याच्या गैरसोयीची व्याख्या मात्र चार दशके तशीच आहे.

म्हणून हेम्पच्या बाजूने असलेल्यांनी आधी परवाने मागू नयेत, कायद्यातली दुरुस्ती मागावी. कलम १४ खालील लागवडीसाठी टीएचसीची मर्यादा, ती मोजण्याची एकच रीत आणि मर्यादा थोडी ओलांडली तर फौजदारी नव्हे, दिवाणी परिणाम, एवढे केंद्राच्या कायद्यात आले तर राज्यांच्या नियमांना बूड मिळेल. मर्यादाही उत्तराखंडसारखी उसनी न घेता हिमाचलच्या विद्यापीठांचे निष्कर्ष हाती आल्यावर ठरवावी. विरोधकांनाही यात हरवण्यासारखे काही नाही. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेशाने १९ धार्मिक ठिकाणी दारूबंदी केली. नशाबंदीची इच्छा त्या राज्यात खरी आहे, तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण ज्याला नशा नको त्यालाच मोजमाप सर्वांत आधी हवे असायला पाहिजे.

आणि दुसरा नमुना. अन्नभेसळीच्या कायद्यात नमुन्याचे भाग पाडून एक फेरतपासणीसाठी राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. किराणा दुकानदाराला तो हक्क आहे. हेम्पच्या शेतकऱ्यासमोर सीलबंद केलेला, त्याच्या सहीचा, दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल असा नमुना राज्याच्या कपाटात असलाच पाहिजे. नाहीतर जबलपूर जिल्ह्यातल्या त्या दोन-चार एकरवाल्याला विद्यापीठाऐवजी त्याच शहरातल्या उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागेल, जामिनाच्या अर्जासाठी, आणि तोवर पीक मुद्देमालाच्या खोलीत वाळत पडलेले असेल.